वैद्यकीय उपकरण रुग्णापर्यंत लवकर कसे पोहोचते? नव्या पद्धती आणि सातारा-सांगलीची संधी

मिरज म्हटले की सतार आठवते, तसेच दवाखानेही आठवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वानलेस यांनी येथे मिशन रुग्णालय उभे केले. तेव्हापासून सांगली, सातारा, कोल्हापूर आणि सीमेपलीकडच्या बेळगाव-विजापूर भागातून रुग्ण मिरजेला येत आहेत. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, खासगी रुग्णालये वाढली. मात्र या रुग्णालयांतले मॉनिटर, व्हेंटिलेटर, सोनोग्राफीची यंत्रे पाहिली, तर बहुतेकांवर परदेशी कंपन्यांची नावे दिसतात. भारताची वैद्यकीय उपकरणांची सुमारे ७० ते ८० टक्के गरज आयातीतून भागते, असे सरकारी कागदपत्रांतही वारंवार सांगितले जाते.

आपल्याकडे हुशार अभियंते आहेत, अनुभवी डॉक्टर आहेत, कारखानेही आहेत. तरी एखादी चांगली कल्पना उपकरण बनून रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचायला पाच, दहा, कधी पंधरा वर्षे जातात. हा वेळ कुठे जातो, तो वाचवण्याच्या कोणत्या पद्धती गेल्या काही वर्षांत पुढे आल्या आणि सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांना त्यांचा काय उपयोग आहे, हे या लेखात पाहू.

थोडक्यात

- पहिला नमुना बनवायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो गरज नीट न समजल्याने, चाचण्यांत आणि परवान्याच्या तयारीत.
- नव्या पद्धतींमध्ये पुढचे टप्पे आधीच सुरू केले जातात. टप्पा गाळला जात नाही.
- भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू आहेत. जोखमीनुसार उपकरणांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत.
- सातारा-सांगलीत रुग्णालये, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि यंत्रशाळा जवळजवळ आहेत. त्यांना एकत्र आणणारी व्यवस्था ही पुढची पायरी आहे.

वैद्यकीय उपकरण म्हणजे नेमके काय?

वैद्यकीय उपकरण म्हणजे केवळ मोठे यंत्र नव्हे. इंजेक्शनची सुई, रक्तातील साखर तपासण्याची पट्टी, हाडात बसवायची प्लेट, हृदयाची कृत्रिम झडप, रोगनिदानाचे किट आणि निदान करणारे सॉफ्टवेअरही यात मोडते. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने जवळपास सर्व वैद्यकीय उपकरणे १ एप्रिल २०२० पासून कायद्याच्या कक्षेत आणली. त्यानंतर परवाना टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला: अ आणि ब वर्गासाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून, क आणि ड वर्गासाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून.

हे वर्ग असे समजून घेता येतील:

- अ वर्ग (कमी जोखीम): जीभ दाबून घसा पाहण्याची पट्टी.
- ब वर्ग (कमी ते मध्यम): इंजेक्शनची सुई.
- क वर्ग (मध्यम ते जास्त): व्हेंटिलेटर, हाड जोडण्याची प्लेट.
- ड वर्ग (जास्त जोखीम): हृदयाची झडप.

अ आणि ब वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्याचे परवाना प्राधिकरण देते, महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन. क आणि ड वर्गाचा परवाना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना देते. अ वर्गातही जी उपकरणे निर्जंतुक करून विकली जात नाहीत आणि मोजमापही करत नाहीत, त्यांना २०२२ च्या दुरुस्तीनंतर परवान्याऐवजी फक्त ऑनलाइन नोंदणी पुरते. म्हणून आपले उपकरण कोणत्या वर्गात बसते, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात सोडवावा. पुढचा खर्च आणि वेळ त्यावरच ठरतो.

वेळ कुठे जातो? चित्रा झडपेचे उदाहरण

भारतीय वैद्यकीय उपकरणांच्या इतिहासातले एक मोठे नाव म्हणजे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बनवलेली हृदयाची झडप. हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम सुरू झाले. पहिली तीन प्रारूपे फसली, चौथे यशस्वी झाले. ही झडप पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवली गेली ती डिसेंबर १९९० मध्ये. आज ती एक लाखाहून अधिक रुग्णांना बसवलेली आहे.

सुमारे बारा वर्षे लागली, पण ती वाया गेली असे म्हणता येणार नाही. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडधडते, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा. झडप तितक्या वेळा उघडून मिटली पाहिजे. ती झिजता कामा नये, तिच्यावर रक्ताची गुठळी होता कामा नये. यासाठी यंत्रावर झडप जलद उघडमीट करून झीज मोजावी लागते, मग प्राण्यांवर चाचणी आणि शेवटी माणसांवर. असा वेळ आवश्यक असतो.

वाया जाणारा वेळ वेगळा असतो. त्याची साधारण चार कारणे दिसतात:

१. गरज चुकीची धरली. अभियंत्याने प्रयोगशाळेत काहीतरी बनवले आणि मग त्याला वापर शोधला.

२. डॉक्टर फार उशिरा आले. नमुना पूर्ण झाल्यावर डॉक्टर म्हणतात, 'हे हातमोजे घालून धरता येत नाही.' पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

३. कागद नव्हते. आराखडा का बदलला, कोणता धोका कसा टाळला, कोणता सुटा भाग कुठून घेतला, याची नोंदच ठेवली नाही. परवान्याच्या वेळी वर्षभराचे काम पुन्हा करावे लागते.

४. विकत कोण घेणार, हे ठरलेच नव्हते. परवाना मिळाला, पण निविदेच्या अटीत बसत नाही.

नव्या पद्धती या चार ठिकाणी वेळ वाचवतात.

सहा आठवड्यांत किट: वेग आला कुठून?

मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात इस्लामपुरात करोनाचे रुग्ण सापडले आणि सांगली जिल्ह्याचे नाव राज्यभर झाले. त्या सुरुवातीच्या दिवसांत जिल्ह्यातले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाठवावे लागत. अहवाल येईपर्यंत रुग्ण, घरचे लोक आणि प्रशासन सगळेच ताटकळत. त्याच दिवसांत पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या आरटी-पीसीआर किटला केंद्रीय संघटनेची मंजुरी मिळाली. भारतीय कंपनीचे हे मंजूर झालेले पहिले किट होते. संशोधन विभागाच्या प्रमुख मीनल दाखवे भोसले यांच्या चमूने ते सहा आठवड्यांत तयार केले. एरवी अशा कामाला तीन ते चार महिने लागतात, असे त्यांनी तेव्हा सांगितले होते. किट तपासणीसाठी विषाणू संस्थेकडे सोपवल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुलीला जन्म दिला. आयात किटने एका चाचणीला सुमारे ४,५०० रुपये लागत, मायलॅबच्या किटने १,२०० रुपये.

ही गोष्ट बहुधा जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि जिद्द होतीच. पण वेगाचे कारण तेवढेच नव्हते. मायलॅब आधीपासून एचआयव्ही आणि काविळीच्या विषाणूंसाठी रेणवीय निदानाची किट बनवत होती. प्रयोगशाळा होती, उत्पादनाची व्यवस्था होती, गुणवत्तेच्या नोंदी ठेवायची सवय होती, नियामक काय विचारतो हे ठाऊक होते. नवीन फक्त विषाणू होता. शिवाय तपासणी करणारी संस्था त्याच शहरात होती आणि अशा अर्जांना अग्रक्रम मिळत होता.

दुसरे उदाहरणही पुण्याचेच. आयआयटी कानपूरच्या पाठबळावर उभी राहिलेली नोका रोबोटिक्स ही छोटी कंपनी सौर पॅनेल स्वच्छ करणारे यंत्रमानव बनवत असे. वैद्यकीय अनुभव शून्य. टाळेबंदीत तिच्या तरुणांनी पुण्यात राहून सुमारे ९० दिवसांत व्हेंटिलेटर उभा केला. इथे तयारी कंपनीजवळ नव्हती, ती बाहेरून मिळाली. डॉक्टर, अनुभवी उद्योजक, सुटे भाग पुरवणारे आणि प्राध्यापक यांचा एक कृती गट रोज दूरसंवादावरून त्यांच्याबरोबर होता. अडचण आली की त्याच दिवशी तिचा जाणकार माणूस फोनवर मिळे.

दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट दिसते. वेग ऐनवेळी निर्माण होत नाही. तो आधीच्या तयारीतून येतो, मग ती तयारी स्वतःची असो वा उसनी घेतलेली. म्हणूनच शांततेच्या काळात ही तयारी कशी उभारायची, हा खरा प्रश्न आहे.

नव्या पद्धती कोणत्या?

१. आधी वॉर्ड, मग वर्कशॉप

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 'बायोडिझाइन' नावाची पद्धत विकसित झाली. २००७-०८ च्या सुमारास ती दिल्लीच्या एम्स आणि आयआयटीमार्फत भारतात आली. यात अभियंते आणि डॉक्टर आधी काही आठवडे रुग्णालयात नुसते पाहतात. कुठे काम अडते, परिचारिका कुठे जुगाड करते, कोणती तपासणी टाळली जाते, याची यादी करतात. शेकडो निरीक्षणांतून एक गरज निवडतात आणि ती एका वाक्यात लिहितात: कोणाला, कोणत्या परिस्थितीत, नेमका काय फरक हवा आहे. त्या वाक्यात उपायाचे नाव नसते. 'ॲप हवे' ही गरज नव्हे.

२. एका छताखाली डॉक्टर आणि अभियंते

महाराष्ट्रात हा प्रयोग आयआयटी मुंबईने केला. प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये तेथे 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचे नवोन्मेष केंद्र सुरू झाले. राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने त्याला निधी दिला. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नागपूरचे व्हीएनआयटी ही त्याची जोडकेंद्रे. बेटिकने काम चार टप्प्यांत बांधले: गरज निश्चित करणे, उपकरण घडवणे, चाचणी घेऊन सिद्ध करणे आणि उद्योगामार्फत वापरात आणणे. डॉक्टर आणि अभियंत्यांची काही दिवसांची शिबिरे घेऊन तेथेच चमू जुळवणे, हाही त्यांच्या पद्धतीचा भाग होता.

याच वातावरणातून आयु डिव्हायसेस ही कंपनी निघाली. तिचे उपकरण डॉक्टरांच्या नेहमीच्या स्टेथोस्कोपला जोडता येते. हृदयाचा व फुप्फुसाचा आवाज मोठा करून ते ऐकवते आणि दूरच्या डॉक्टरांकडे पाठवते. डॉक्टरांना जुनी सवय सोडावी लागली नाही, म्हणून ते स्वीकारणे सोपे गेले.

३. स्वस्तात आणि लवकर फसणे

पूर्वी प्लास्टिकचा एक भाग पाहायचा तर साचा बनवावा लागे. त्यात लाखो रुपये आणि काही आठवडे जात. आता त्रिमितीय छपाईने तो भाग रात्रीत हातात येतो. डॉक्टर तो हाताळतात, नाक मुरडतात, दुसऱ्या दिवशी नवा भाग तयार. मुंबई परिसरातल्या बायोसेन्स या कंपनीचे मिश्किन इंगवले यांनी सुई न टोचता रक्तक्षय ओळखणाऱ्या त्यांच्या उपकरणाबद्दल एका जाहीर व्याख्यानात सांगितले होते, की ते जमायला ३२ प्रयत्न लागले. एकेका प्रयत्नाला सहा महिने लागले असते तर कंपनी तिसऱ्या प्रयत्नातच बंद पडली असती.

४. नियम शेवटी नव्हे, सुरुवातीला

बायोसेन्सचाच पुढचा अनुभव बोलका आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने लघवी तपासणीच्या पट्टीचे रंग वाचणारे 'यूचेक' हे ॲप कंपनीने आणले. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला जाहीर पत्र पाठवून विचारले: या पट्ट्या डोळ्यांनी पाहण्यासाठी मंजूर आहेत. फोनने वाचल्या तर फोन, ॲप आणि पट्टी मिळून एक नवे उपकरण होते. त्याची परवानगी कुठे आहे? मोबाइल ॲपवाल्या कंपनीला असे विचारले गेल्याचे ते सुरुवातीचे आणि गाजलेले उदाहरण. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावे.

आता चांगले चमू पहिल्या दिवसापासून तीन वह्या ठेवतात, संगणकावर असल्या तरी चालतील. आराखड्याची वही: काय बदलले आणि का. धोक्यांची वही: काय बिघडू शकते आणि त्यावर उपाय काय. आयएसओ १४९७१ हे मानक याच विषयाचे आहे. तिसरी गुणवत्तेची वही: कोणता भाग कोणाकडून आला, कोणी तपासला. आयएसओ १३४८५ चा गाभा हाच आहे.

५. सामाईक सोयी

प्रत्येक नवउद्योगाने स्वतःची प्रयोगशाळा बांधणे परवडत नाही. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर आहे. तेथे जागा, उपकरणे, पेटंटचा सल्ला आणि बायरॅकच्या अनुदानासाठी मार्गदर्शन मिळते. बायरॅकचे 'बिग' अनुदान कल्पना सिद्ध करण्यासाठी १८ महिन्यांत ५० लाख रुपयांपर्यंत देते. विद्युत सुरक्षा आणि विद्युतचुंबकीय चाचण्यांसाठी मुंबईत ईआरटीएल, तर नवी मुंबईत समीर या सरकारी प्रयोगशाळा आहेत.

६. वाट दाखवणारी खिडकी

डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना यांनी 'मेडटेक मित्र' हे व्यासपीठ सुरू केले. नवउद्योजक आपले उपकरण तेथे नोंदवतो. कोणता वर्ग, कोणत्या चाचण्या, कोणते रुग्णालय, कोणता अर्ज, याचे मार्गदर्शन मिळते. परवाना येथे मिळत नाही. पण चुकीच्या रांगेत उभे राहण्याचे महिने वाचतात.

सातारा-सांगलीत काय आहे?

कराडच्या लगत मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठे रुग्णालय आहे. तेथून थोड्याच अंतरावर विद्यानगरला १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सांगलीला विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७), शेजारी मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. सांगलीतच भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय. वाळवा तालुक्यात साखराळ्याला राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (१९८३). साताऱ्यालाही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर आणि अभियंता यांच्यातले अंतर इथे रिक्षाने जाण्याएवढे आहे.

घडवणारे हातही आहेत. पलूसजवळ किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, तेव्हापासून या भागाला ओतकाम आणि यंत्रकामाची सवय आहे. कुपवाड, मिरज, तासवडे, सातारा या औद्योगिक वसाहतींत लेथ, सीएनसी, साचेकाम, रबर आणि प्लास्टिक मोल्डिंगच्या यंत्रशाळा आहेत. वैद्यकीय उत्पादनाचा कारखानाही जिल्ह्यात आहे. खंडाळा तालुक्यात केसुर्डी औद्योगिक वसाहतीत जपानी निप्रो कंपनी डायलिसिसमध्ये रक्त गाळणारे डायलायझर बनवते. म्हणजे धूळमुक्त खोल्या, निर्जंतुकीकरण आणि कडक नोंदी यांत काम केलेले कामगार व पर्यवेक्षक सातारा जिल्ह्यात तयार होत आहेत. नवउद्योगांना अशाच माणसांची सर्वात जास्त चणचण भासते.

समजा, एक उपकरण इथेच बनवायचे आहे

हे सगळे प्रत्यक्षात कसे चालेल, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

उसाच्या पट्ट्यात आणि शिराळा, पाटण, जावळीच्या डोंगराळ भागात सर्पदंश हा रोजचा धोका आहे. घोणस किंवा फुरसे चावले तर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ती ओळखण्यासाठी '२० मिनिटांची रक्त गोठण चाचणी' करतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त पातळच असेल तर विष भिनले आहे, प्रतिविष द्यायला हवे. चाचणी सोपी आणि स्वस्त आहे. पण नळी प्लास्टिकची असली, साबणाने धुतलेली असली, कोणी मध्येच हलवली किंवा गर्दीत वेळ चुकली, तर निष्कर्ष चुकतो. नाग किंवा मण्यार यांच्या दंशात मात्र ही चाचणी उपयोगाची नाही, कारण त्यांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर परिणाम करते.

पहिले दोन महिने: निरीक्षण. अभियांत्रिकीचे दोन आणि वैद्यकीयचे दोन विद्यार्थी ग्रामीण रुग्णालयांच्या अपघात विभागात रात्रपाळीला बसतात. गरजेचे वाक्य असे होऊ शकते: 'रात्री एकच परिचारिका असलेल्या ग्रामीण रुग्णालयात, सर्पदंशाच्या रुग्णाचे रक्त २० मिनिटांत गोठले की नाही हे चुकीशिवाय कळावे, म्हणजे प्रतिविषाचा निर्णय लांबणार नाही.'

तिसरा ते सहावा महिना: नमुने. नळी स्थिर धरणारा, वेळ मोजणारा आणि शेवटी स्वतःच नळी तिरकी करणारा छोटा साचा. पहिले नमुने छापील प्लास्टिकचे. परिचारिकांना वापरायला द्यायचे, रक्ताऐवजी रंगीत द्रव घालून. याच काळात वर्ग निश्चित करायचा, मेडटेक मित्रवर नोंदणी करायची आणि पेटंटचा तात्पुरता अर्ज करायचा. तात्पुरत्या अर्जानंतर संपूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. हा अर्ज करण्याआधी परिषदेत किंवा प्रकल्प स्पर्धेत सगळे उघड केले, तर कल्पनेचे नावीन्य गेले असे ठरू शकते. आपल्याकडचे कितीतरी चांगले विद्यार्थी प्रकल्प इथेच अडकतात.

सातवा महिना ते वर्षअखेर: चाचणीचे नग. विक्रीपूर्व चाचणीसाठी थोडे नग बनवायलाही केंद्रीय संघटनेचा चाचणी परवाना लागतो. त्यासाठी एमडी-१२ नमुन्यात अर्ज करायचा, परवाना एमडी-१३ नमुन्यात मिळतो. नग कुपवाडच्या एखाद्या यंत्रशाळेत बनू शकतात, पण प्रत्येक भागाची नोंद हवी.

दुसरे वर्ष: रुग्णालयातील अभ्यास. नोंदणीकृत नीतिमत्ता समितीची मान्यता घेऊन, नेहमीच्या हातचाचणीशी आणि प्रयोगशाळेतील रक्त गोठण तपासणीशी निकाल ताडून पाहायचे. बाजारात असे समकक्ष उपकरण नसेल, तर परवानगीची वाट जास्त लांब असते, हे आधीच धरून चालायचे.

या आराखड्यातला कोणताही टप्पा गाळलेला नाही. पण पेटंट, वर्ग निश्चिती, नोंदी आणि परिचारिकांचे मत या चार गोष्टी पहिल्या सहा महिन्यांत आल्या. त्या शेवटी आल्या असत्या, तर किमान दोन वर्षे वाढली असती.

घाईची किंमत

वेग म्हणजे तपासणीत सूट, असा अर्थ लावला की रुग्णाला त्याची किंमत मोजावी लागते. डीप्यू कंपनीचे 'एएसआर' हे खुब्याचे कृत्रिम सांधे याचे जगभर दिले जाणारे उदाहरण. अमेरिकेत त्याच्या एका प्रकाराला 'आधीच्या उपकरणासारखेच आहे' या आधारावर, रुग्णांवरच्या स्वतंत्र चाचणीशिवाय परवानगी मिळाली होती. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरू लागले, अनेकांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने ते जगभरातून परत बोलावले. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि कोणाला ते बसवले याचा पत्ता लावणेच अवघड गेले.

करोनाकाळातले उदाहरण मराठवाड्याचे आहे. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय रुग्णालयाला पीएम केअर्स निधीतून आलेल्या व्हेंटिलेटरबद्दल तक्रारी झाल्या आणि २०२१ मध्ये हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. रुग्णालयाचे म्हणणे होते, यंत्रांत दोष आहेत. केंद्राचे म्हणणे होते, दोष हाताळणीत आहे. यंत्र कारखान्यातून लवकर निघाले तरी जोडणी, प्रशिक्षण आणि दुरुस्ती यांची व्यवस्था नसेल, तर ते रुग्णापर्यंत पोहोचले असे म्हणता येत नाही.

म्हणून उपकरण बाजारात गेल्यावरही नजर ठेवावी लागते. भारतात जुलै २०१५ पासून 'मटेरिओव्हिजिलन्स' हा राष्ट्रीय कार्यक्रम त्यासाठी चालतो. उपकरणामुळे रुग्णाला इजा झाली किंवा होता होता राहिली, तर डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ किंवा स्वतः रुग्णही ते कळवू शकतात. १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठी आहे. तालुक्याच्या रुग्णालयातून गेलेली अशी एक नोंद पुढच्या आराखड्यातला दोष काढून टाकू शकते.

विकत कोण घेणार?

ग्रामीण भागात उपयोगी पडणारे उपकरण बहुधा सरकारच विकत घेते. राज्यात त्यासाठी २०२३ च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले आहे. निविदेत 'मागील तीन वर्षांची उलाढाल' आणि 'आधीचा पुरवठा' अशा अटी असल्या की नवी कंपनी दारातच थांबते. केंद्र सरकारच्या खरेदीत मान्यताप्राप्त नवउद्योगांना, गुणवत्ता आणि तांत्रिक अटी पाळून, उलाढाल व अनुभवाच्या अटींत सवलत देता येते. नवउद्योजकाने आराखडा ठरवतानाच गेल्या दोन-तीन वर्षांच्या निविदा वाचाव्यात. आपले उपकरण कोणत्या शीर्षाखाली विकत घेतले जाईल, हे कळते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टरने स्वतः बनवलेले उपकरण रुग्णावर वापरता येते का?
कल्पना म्हणून वॉर्डात जुगाड होत असतात, पण नवे उपकरण रुग्णांवर तपासून पाहायचे तर नीतिमत्ता समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती हवी. विक्रीसाठी बनवायचे तर परवाना किंवा नोंदणी सक्तीची आहे.

महाविद्यालयीन प्रकल्पाला पेटंटचा खर्च परवडतो का?
शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे. मसुदा लिहिण्याचा खर्च वेगळा असतो.

सरकारची मोठी मदत कोणती?
२०२० मध्ये ३,४२० कोटी रुपयांची उत्पादन प्रोत्साहन योजना आली. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरण मंजूर झाले. प्रोत्साहन योजनेचा लाभ मुख्यतः मोठ्या उत्पादकांना मिळतो. सुरुवातीच्या चमूंना 'बिग'सारखी अनुदाने जास्त उपयोगाची.

अभियंता नसलेल्या माणसाने काय करावे?
परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृहातले मदतनीस यांना अडचण सर्वात आधी दिसते. ती तारीख, वेळ आणि परिस्थितीसह लिहून ठेवणे, एवढेही काम मोलाचे आहे.

सुरुवात कुठून करता येईल?

सातारा-सांगलीत यासाठी लगेच नवी इमारत उभी करण्याची गरज नाही. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी लेखी करार करून महिन्यातून एकदा अभियंत्यांना वॉर्डात आणि डॉक्टरांना वर्कशॉपमध्ये बसवता येईल. अंतिम वर्षाचे प्रकल्प रुग्णालयांनी दिलेल्या गरजांच्या यादीतून निवडता येतील आणि एक प्रकल्प पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांकडे सोपवता येईल. आज बहुतेक प्रकल्प परीक्षेच्या दिवशी संपतात, उपकरण मात्र त्या दिवशी अर्धेही झालेले नसते. औद्योगिक वसाहतींतल्या दोन-तीन यंत्रशाळांनी आयएसओ १३४८५ ची तयारी केली, तर चाचणीचे नग पुण्या-मुंबईला बनवून घ्यावे लागणार नाहीत. आणि एका माणसाने, पूर्ण वेळ, अर्ज, वर्ग, नीतिमत्ता समिती आणि निविदा यांची माहिती सांभाळली, तर पाच-सहा चमूंना तिचा उपयोग होईल. पुढची साथ किंवा पुढची तातडीची गरज आली, की ही तयारी तेव्हा उपयोगी पडेल.